पोकरचं टेबल सोडून शेजारच्या टेबलांवर

सातवं_पान:

पोकर मी आधी ऑनलाइन शिकलो, लहान स्टेक्सवर. मग प्रत्यक्ष टेबलावर बसायला लागलो. पण धागा पोकरवर नाही, पोकरच्या आजूबाजूला जे काही मांडून ठेवलेलं असतं त्यावर आहे.

कॅसिनोत गेल्या गेल्या पोकरला जागा मिळेलच असं नाही. यादीत नाव लावायचं आणि थांबायचं, कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. थांबायचं कुठे? सगळीकडे ब्लॅकजॅक, रुलेट, बॅकरा. पोकरसाठी आणलेले पैसे खिशात, डोकं खेळायला तयार, आणि करायला काही नाही. पोकरवाला दुसऱ्या खेळांकडे वळतो तो बहुतेक वेळा असा, आवड म्हणून नाही. निदान माझं तरी तसंच झालं.

पहिलं अर्थात ब्लॅकजॅक. एकवीसच्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायची. पत्ते ओळखीचे, बेरीज सोपी, शिवाय इथे निर्णय घ्यावे लागतात, म्हणजे कौशल्याला वाव आहे असं वाटतं. तसा तो आहेही. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे (बेसिक स्ट्रॅटेजी) एकही चूक न करता खेळलं आणि नियम चांगले असले तर हाऊस एज (पैजेतला कॅसिनोचा सरासरी हिस्सा) साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो. तक्ता पाठ करायला मला फार त्रास झाला नाही, पोकरचे प्रीफ्लॉपचे (पहिल्या दोन पानांवर काय करायचं त्याचे) चार्ट पाठ करणाऱ्याला तो होतही नाही.

पण टेबलावर बसल्यावर काहीतरी खटकत राहिलं. ते काय हे कळायला वेळ लागला. पोकरमध्ये ब्लाइंड (पानं बघायच्या आधी भरायच्या सक्तीच्या पैजा) सोडले तर मी पानं बघून पैसे लावतो. ब्लॅकजॅकमध्ये पैसे लावून पानं बघायची. बस, एवढंच. पण एवढ्याने सगळा खेळ उलटा होतो. नऊ जणांच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, त्यातले बहुतेक मी पहिल्या दोन पानांवरच टाकून देतो. माझं पोकर म्हणजे मुख्यतः न खेळणं. इथे न खेळायची सोयच नाही. डीलरसमोर दहा आणि माझ्या हातात सोळा आले, की थांबलो तर शंभरातून सुमारे ७७ वेळा हरणार. आणखी पान घेतलं तरी गणित जेमतेम केसभर बरं. पोकरमध्ये असा हात मी विचारही न करता फेकला असता. इथे पैसे आधीच त्या गोलात जाऊन बसलेले असतात.

त्यानंतर थ्री कार्ड पोकर. नावात पोकर आहे म्हणून बसलो, आणि नाव ठेवणाऱ्याची हुशारी कळली. फ्लश, स्ट्रेट, जोडी सगळं आहे, पण समोर माणूस नाही. डीलरकडे किमान राणी असेल तरच त्याचा हात धरला जातो. तुमच्याकडे राणी-सहा-चार किंवा त्याहून वरचं असेल तर खेळायचं, नाहीतर सोडायचं. संपली स्ट्रॅटेजी. ब्लफ कोणाला मारणार? सोडता येतं म्हणून बरं वाटतं, पण सोडलं की अँटे (सुरुवातीला लावलेली पैज) गेला. म्हणजे फोल्ड आहे, पण फुकट नाही. बेसिक खेळावर हाऊस एज अँटेच्या ३.३७ टक्के. जोडीवर पैसे देणारी बाजूची पैज असते तिचं बोलतच नाही.

बॅकरा मला सगळ्यात विचित्र वाटला, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात सुंदरही. निर्णय शून्य. प्लेअर आणि बँकर असे दोन हात, ज्याची बेरीज नऊच्या जवळ तो जिंकतो. प्लेअर, बँकर किंवा टाय (बरोबरी), यातलं एक निवडायचं. तिसरं पान कधी काढायचं ते नियमच ठरवतात. तरी मोठ्या टेबलावर लोक पान कसं उघडतात ते बघण्यासारखं असतं. पान पालथं धरून आखूड कडेकडून हळूच वाकवायचं. चित्राभोवतीच्या चौकटीची रेघ दिसली तर चित्र, म्हणजे शून्य. दोन ठिपके दिसले तर चार ते दहा यांतलं काहीतरी. मग पान आडवं फिरवून लांब कड बघायची: दोन ठिपके असले तर चार किंवा पाच, तीन असले तर सहा-सात-आठ, चार असले तर नऊ किंवा दहा. टेबलाभोवतीची माणसं श्वास रोखून बघत असतात. पान छापलं गेलं तेव्हाच त्याचं काय ते ठरलंय, हे माहीत असूनही मीही रोखला.

रुलेटवर लिहिण्यासारखं फार नाही. एक शून्य असलेल्या चाकावर २.७० टक्के, दोन शून्यं असतील तर ५.२६. चाक निवडलंत की तुमचं कौशल्य संपलं.

तर विचारायचं हे होतं की पोकरवरून इकडे आलेल्यांना काय अनुभव आला? पोकरमधलं काय कामी येतं? आणि यादीत नंबर लागेपर्यंत तुम्ही काय करता?

मंदगती:

मस्त. बॅकराचा परिच्छेद वाचताना पान माझ्याच हातात असल्यासारखं वाटलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकेखोर:

मला पत्त्यांतलं फार कळत नाही, म्हणून एक बाळबोध शंका. कॅसिनो पोकरच्या टेबलावरूनही पैसे घेतोच ना? मग तो जुगार आणि हा जुगार यात फरक तो काय?

सातवं_पान:

शंकेखोर, घेतो, पण वेगळ्या वाटेने. पोकरमध्ये प्रत्येक पॉटमधून काही टक्के कापले जातात (रेक), त्याला वरची मर्यादा असते. काही ठिकाणी वेळेनुसार भाडं घेतात. मी जिंकलो काय आणि शेजारचा जिंकला काय, कॅसिनोला सोयरसुतक नाही. माझे पैसे येतात ते माझ्याहून वाईट खेळणाऱ्याकडून, आणि जातात माझ्याहून चांगल्या खेळणाऱ्याकडे. रेक भरूनही उरेल इतकं मला इतरांपेक्षा बरं खेळावं लागतं.

बाकी टेबलांवर मी कॅसिनोविरुद्धच खेळतो. तिथे माझ्याहून वाईट खेळणारा शेजारी बसला तरी मला एक पैचाही उपयोग नाही.

शंकेखोर:

आलं लक्षात. म्हणजे पोकरमध्ये टेबल निवडता येतं, इतरत्र नाही.

त्रैराशिक:

धागाकर्त्याने हाऊस एजचे आकडे बरोबर दिलेत, पण एक गोष्ट राहिली, आणि पोकरवाल्यांना नेमकी तीच फसवते. ब्लॅकजॅकच्या एका डावाचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) सुमारे १.१५ पैजा. म्हणजे शंभर डावांचं साडेअकराच्या आसपास. त्याच शंभर डावांत अर्ध्या टक्क्याने अपेक्षित तोटा किती? अर्धी पैज. आता एखादा मुलगा नंबर लागेपर्यंत शंभर डाव खेळला आणि आठ-दहा पैजा वर उठला, तर त्याला काय वाटेल? 'मला जमतंय.' त्या शंभर डावांत त्याच्या खेळाबद्दल काहीही माहिती नाही. पोकरमध्ये हेच तो हजारो डाव नोंदवून तपासतो, शंभर बिग ब्लाइंडचा चढउतार आला तर खांदे उडवतो, आणि शेजारच्या टेबलावर मात्र एका संध्याकाळवरून मत बनवतो.

वेगाचंही बघा. भरलेल्या टेबलावर ब्लॅकजॅकचे तासाला पन्नास-साठ डाव होतात, एकटेच बसलात तर दोनशेच्या आसपास. अर्ध्या टक्क्याने दोनशे डावांना एक पैज, हे ठीक. पण ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान) आल्यावर तीनास दोनऐवजी सहास पाच देणारं टेबल असेल, तर तिथेच जवळपास १.४ टक्के वाढले. दहा लावले तर पंधराऐवजी बारा मिळतात, एवढंच दिसतं, म्हणून कोणी हरकत घेत नाही. टेबलाच्या कापडावरच छापलेलं असतं. बसायच्या आधी वाचा.

पोकरमधलं काय कामी येतं? पॉट ऑड्स, म्हणजे भरायचे किती आणि मिळू शकतात किती याचा हिशोब. डीलरचा एक्का उघडा असला की विमा विचारतात. लावलेल्याच्या निम्मे भरायचे, डीलरच्या झाकलेल्या पानात दहाच्या किमतीचं पान निघालं तर एकास दोन मिळतात. म्हणजे तीनात एकदा तरी दहा निघायला हवा. पत्त्यांच्या सहा जोडांच्या शूमध्ये (पानं ठेवायच्या पेटीत) तो एक्का वगळला तर ३११ पानं, त्यात दहाच्या किमतीची ९६. हे तिसऱ्या हिश्शाहून कमीच. ज्याला फ्लश ड्रॉची किंमत काढता येते त्याला हे पाच सेकंदांत यावं. लोक विमा कधी घेतात? हातात वीस असताना, 'चांगला हात वाचवायला'. पण ते वीस दोन दहांचे असतील तर त्याच दोन दहा कमी झाल्या की! उरल्या ३०९ मध्ये ९४. चांगल्या हातावर विमा आणखी वाईट.

सातवं_पान:

विम्याचं शेवटचं वाक्य भारी. हे मी कधी मोजून बघितलं नव्हतं.

जुनी_डीलर:

बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी होते, म्हणून थोडी भर.

पोकरवाला ब्लॅकजॅकला बसला की आम्ही लगेच ओळखायचो. एकतर चिप्स सतत हातात खेळवणार. दुसरं, पानं उघडी वाटली तरी हाताने झाकायला जाणार. तिसरं, एक्का किंवा दहा आल्यावर मी खालचं पान तपासलं की माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघणार. अरे बाबा, तपासायला टेबलातच छोटा आरसा बसवलेला असतो. त्यात फक्त ब्लॅकजॅक आहे की नाही एवढं कळतं, बाकी पान कोणतं ते डीलरलाही दिसत नाही. मलाच माहीत नाही तर चेहऱ्यावर काय दिसणार? तरी काही पोरं माझ्या पापण्या मोजायची.

आणि सगळ्यात मोठा घोळ बोटांचा. पोकरमध्ये टेबलावर टकटक केलं म्हणजे चेक, 'मी काही करत नाही, पुढे जा.' ब्लॅकजॅकमध्ये तीच टकटक म्हणजे 'पान द्या.' नको असेल तर तळहात आडवा हलवायचा. आता एखादा पोकरच्या टेबलावरून थेट उठून आलाय, हातात सतरा, आणि सवयीने टकटक. मी पान द्यायची. पाच. बावीस. मग तो म्हणणार, मी तर थांबलो होतो! सुपरवायझर बोलवा, कॅमेरा बघा... कॅमेऱ्यात टकटकच दिसणार. तोंडी बोलणं धरत नाहीत, कारण छतावरचा कॅमेरा खूणच बघतो.

पानं वाटून झाल्यावर लावलेल्या चिप्सना हात लावणं हीदेखील पोकरची सवय. तिथे ढीग सरळ करायचा चाळा असतो. इथे हात गेला की मला बोलावंच लागायचं, आणि माणूस ओशाळायचा.

मंदगती:

टकटकचा किस्सा वाचून खिक्क झालं.

निमूट:

सगळे छान छान लिहितायत, म्हणून जरा कडू लिहितो. पोकरवाल्यांत याला सरळ 'लीक' म्हणतात. पोकरमध्ये कमवायचं आणि दुसऱ्या टेबलावर गळायचं. स्टू अंगर हे नाव ऐकलं असेल. १९८०, १९८१ आणि १९९७ असं तीनदा वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचं विजेतेपद, जिन रमीत तर त्याच्याशी खेळायला कोणी धजेना. पत्त्यांत असा माणूस क्वचित होतो. आणि सगळं घालवलं घोड्यांवर, सामन्यांच्या पैजांवर, क्रॅप्सच्या फाशांवर. जोडीला अमली पदार्थ. १९९८ मध्ये लास वेगसच्या एका मोटेलमध्ये वारला, वय ४५. पत्त्यांतली त्याची बुद्धी फाशांवर काडीची उपयोगी पडली नाही.

माझं म्हणणं असं की धागाकर्त्याने 'काय कामी येतं' हे विचारलंच चुकीचं. पोकरमधला आत्मविश्वास जसाच्या तसा सोबत येतो, कौशल्य मागेच राहतं. जो अडाणी म्हणून रुलेटला बसतो तो निदान नशिबाला हात जोडून थोडक्यात उठतो. पोकरवाला उठत नाही, कारण त्याला वाटतं आपण विचार करतोय.

बेदरकार:

निमूट, जरा जास्तच हो. एका अंगरवरून सगळ्यांना कशाला झोडपता? माणूस सिनेमाला जातो तेव्हा तिकिटाचे पैसे परत येतील म्हणून जातो का? तासाला एक पैज गेली तर गेली.

शिवाय 'कौशल्य मागेच राहतं' हे ब्लॅकजॅकबद्दल साफ चूक. एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने १९६२ मध्येच पानं मोजून कॅसिनोवर मात करता येते हे छापून दाखवलंय. दोन ते सहा गेलं की अधिक एक, दहा-गुलाम-राणी-राजा-एक्का गेला की उणे एक, सात-आठ-नऊला काही नाही. हे पोकरवाल्याला जमणार नाही तर कोणाला? आणि पोकरपटू फिल आयव्हीने तर बॅकरातसुद्धा कॅसिनोला धुतलं, ज्यात म्हणे निर्णयच नसतात.

त्रैराशिक:

बेदरकार, थॉर्पबद्दल बरोबर. पण तुम्ही दिलीत ती नुसती मोजणी, अर्धं काम. ती बेरीज उरलेल्या जोडांच्या संख्येने भागावी लागते, अधिक सहा आणि सहा जोड शिल्लक म्हणजे फक्त एक. एवढं करून मिळणारा फायदा साधारण एक टक्का, तोही पैज लहानमोठी करत राहिलात तरच. आणि पैज अशी वरखाली केली की वरून कोणाचं तरी लक्ष जातंच. मनातल्या मनात मोजणं म्हणजे फसवणूक नव्हे, पण कॅसिनो तुम्हाला बाहेरचा रस्ता दाखवू शकतो. पानं सतत मिसळणारं यंत्र असेल तर मोजण्यासारखं काही उरतच नाही.

आयव्हीचं उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातं. २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्समध्ये त्याने पुंटो बँको (बॅकराचाच प्रकार) खेळून सुमारे ७७ लाख पौंड जिंकले ते नशिबावर नाही. पानांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना अगदी सारखी कापलेली नव्हती. त्याच्या जोडीदारणीने 'शुभ' म्हणून काही पानं उलट फिरवून ठेवायला लावली, आणि पुढे कडेवरून मोठी पानं ओळखता येऊ लागली. कॅसिनोने पैसे दिले नाहीत. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूकच आहे असा निकाल दिला. म्हणजे जगातला इतका मोठा पोकरपटू बॅकराला बसला तेव्हा त्याने बॅकराचा खेळ खेळलाच नाही.

बेदरकार:

ठीक आहे, आयव्ही मागे घेतो. थॉर्प नाही घेणार.

निमूट:

सिनेमाचं उदाहरण मात्र घ्याच मागे. सिनेमाचं तिकीट आधी ठरलेलं असतं. इथे पोकरमध्ये एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर हरली (पाचात एकदा हरतेच), डोकं गरम झालं, टेबल सोडून उठला आणि दहा पावलांवर रुलेट. त्या क्षणी तिकीट कितीला ते कोण ठरवतं? पोकरचा बँकरोल एका खिशात आणि बाकी खेळांचे पैसे दुसऱ्या, असं ज्याला खरोखर जमतं त्याने खुशाल खेळावं. मला जमत नाही, म्हणून मी नाव लावतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो.

शंकेखोर:

हरल्यावर पैज दुप्पट करत गेलं तर एकदा तरी जिंकूच ना? मग सगळं वसूल. हे का चालत नाही?

त्रैराशिक:

दहापासून सुरू करा: दहा, वीस, चाळीस, ऐंशी, एकशे साठ, तीनशे वीस. ओळीने सहा वेळा हरलात की ६३० गेले, आणि सातव्यांदा दहा कमवायला ६४० लावायचे. तोवर अनेकदा टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. एक शून्य असलेल्या चाकावर लाल-काळ्याच्या पैजेत ओळीने सहा हरण्याची शक्यता १.८ टक्के. कमी वाटते, पण अशा मालिका एका रात्रीत कितीतरी सुरू होतात.

सातवं_पान:

निमूट, 'विचारलंच चुकीचं' हे पटलं नाही. विम्याचं गणित आलं की नाही कामी? आत्मविश्वासाबद्दल मात्र तुमचं खरं आहे. थ्री कार्डच्या टेबलावर तर तो खासच उफाळतो, कारण शब्द सगळे आपलेच असतात.

मला आता ज्याचं कुतूहल आहे ते म्हणजे सरेंडर. सोळा विरुद्ध दहावर निम्मी पैज सोडून उठता येतं. निम्मे घालवणं म्हणजे सरासरी पन्नास टक्के तोटा, आणि खेळलं तर चोपन्न. म्हणजे ब्लॅकजॅकमध्येही एक फोल्ड आहे, महाग असला तरी. पण मी बसलो त्या टेबलांवर कोणी तो करताना दिसलं नाही. जुनी_डीलर, हा नियम सगळीकडे असतो का?

जुनी_डीलर:

सगळीकडे नाही. आणि जिथे असतो तिथेही पुष्कळदा टेबलावर लिहिलेला नसतो, बसताना विचारायचा. पहिली दोन पानं असतानाच करता येतो, तिसरं घेतलं की गेला. लोक करत नाहीत कारण खेळायच्या आधीच हरल्यासारखं वाटतं. तुम्हा पोकरवाल्यांना ती अडचण नसावी.

खूण म्हणजे पैजेच्या मागे टेबलावर बोटाने आडवी रेघ ओढायची. पण नवीन असाल तर रेघेबरोबर 'सरेंडर' असं मोठ्याने म्हणा. घाईत ती रेघ पान मागितल्यासारखी दिसते, आणि मग सोळावर पान येतं.